डिसेंबरातलं ब्रुज, आईबरोबर, ट्रेनने

मुंबईत परत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत आणि एवढ्यात पाच जणांनी मला तेच विचारलं, की आम्ही थंडीत युरोपला चाललोय तर पॅरिसहून किंवा ब्रसेल्सहून बेल्जियममधल्या ब्रुजची एका दिवसाची बस टूर घेऊ का. ब्रुजला जाच, पण बस टूर घेऊ नका, ट्रेनने जा आणि अंधार पडल्यावरही थोडं थांबा, एवढंच मला सांगायचंय, पण एवढ्याने कोणाचं समाधान होत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे तुमच्याशी जुळतंय का ते बघता येईल. दादा वर्षभरासाठी ब्रसेल्सला ऑनसाइट आहे, त्याच्याकडे मी आणि आई डिसेंबरात पंधरा दिवस राहिलो. आई अडुसष्ट वर्षांची, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, डावा गुडघा दुखतो, थांबत थांबत भरपूर चालते पण सलग तासभर नको म्हणते. पूर्ण शाकाहारी. आणि आम्ही गेलो तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार, कारण त्या आठवड्यात पाऊस नसलेला तेवढाच एक दिवस फोनवर दिसत होता. आईने पहाटे उठून वहिनीच्या किचनमध्ये एका कोपऱ्यात घट मांडला, पूजा केली, पोथी वाचली आणि संध्याकाळचा नैवेद्य चुकवायचा नाही, साडेआठच्या आत घरी यायचं असं मला बजावूनच निघाली. दादाला सुट्टी नव्हती, वहिनीचं बाळ लहान, म्हणजे आम्ही दोघीच.

आता बस का नको ते. माझी मावशी दोन वर्षांपूर्वी मुंबईच्याच एका टूर कंपनीबरोबर गेली होती, कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण बऱ्याच कंपन्यांचं वेळापत्रक साधारण असंच असतं. कागदावर लिहिलं होतं ब्रुज, अडीच तास. पण मोठ्या बसना जुन्या गावात सोडत नाहीत, त्या गावाच्या दक्षिणेला पार्किंगमध्ये थांबतात, तिथून मुख्य चौकापर्यंत आपल्या वयस्कर मंडळींच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटं, परत येताना तेवढीच, मग टॉयलेटची रांग, मग ठरलेल्या चॉकलेटच्या दुकानात चाळीस मिनिटं सगळ्यांना उभं केलं, आणि राहिलेल्या वेळात चौकात ग्रुप फोटो. मावशीला आज विचारलं तर ब्रुज म्हणजे एक चौक आणि एक दुकान एवढंच सांगते, आणि त्यासाठी तिने भरपूर पैसे मोजले होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि थंडीत तर हिशोब अजूनच बिघडतो. डिसेंबरात तिकडे सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि साडेचार-पावणेपाचला मावळतो. आठ तास फक्त. आपल्याकडे मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवस असला तरी अकरा तास उजेड असतो, त्यामुळे ही गोष्ट प्लॅन करताना आपल्या डोक्यातच येत नाही. पॅरिसहून ब्रुज साधारण तीनशे किलोमीटर आहे, बसने जायला साडेतीन-चार तास आणि यायला तेवढेच, म्हणजे जो काही उजेड आहे तो बसच्या खिडकीतूनच बघायचा. पॅरिसला राहत असाल तर एक रात्र ब्रसेल्सला राहा, पण बसमधून असं शिवून परत येऊ नका.

कपड्यांचं थोडक्यात. तापमान दोन ते पाच डिग्री होतं, आकड्यावर जाऊ नका, हवा दमट असते आणि समुद्र जवळ असल्यामुळे वारा बोचतो. आईला आतून थर्मल, वर पंजाबी ड्रेस, स्वेटर आणि वहिनीचा वारा न शिरणारा लांब कोट, कानटोपी, हातमोजे. सगळ्यात महत्त्वाचे बूट. रस्ते दगडी फरशांचे, खालीवर आणि ओले, आपले नेहमीचे गुळगुळीत तळव्यांचे बूट तिथे घसरतात. आम्ही मुंबईहून निघायच्या आधी ट्रेकिंगचे साधे पकड असलेले बूट घेतले आणि आईला पंधरा दिवस शिवाजी पार्कला ते घालूनच फिरायला लावलं, हे फार उपयोगी पडलं.

ट्रेन. ब्रसेल्सहून ब्रुज साधारण एक तास, मध्ये गेंट लागतं. सीटचं रिझर्व्हेशन नसतं, साधं तिकीट त्या दिवशीच्या कुठल्याही ट्रेनला चालतं, म्हणजे परतीची घाई नाही, जी मिळेल ती पकडायची, ही सगळ्यात मोठी सोय. एक गोष्ट लक्षात ठेवा, प्लॅटफॉर्मच्या बोर्डावर ब्रुज शोधत बसू नका, तिथे बहुतेक वेळा ओस्टेंड किंवा असं समुद्राकडचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, जसं आपल्याकडे ठाण्याला जायचं तर कल्याण, कसारा सगळं चालतं. आणि ब्रुज हे फ्रेंच नाव, तिथले लोक डच बोलतात आणि गावाला ब्रुखे म्हणतात. आईच्या हे माझ्या आधी लक्षात आलं. ब्रसेल्समध्ये गाडीतली अनाउन्समेंट दोन भाषांत होते, आधी एक मग दुसरी, आणि ब्रसेल्स सुटल्यावर थोड्याच वेळात एक भाषा बंदच झाली. आई म्हणाली, अगं, आता एकाच भाषेत सांगतायत, राज्य बदललं वाटतं. खरंच तसंच आहे, ब्रसेल्स दोन भाषांचं आणि तिथून पुढे फ्लँडर्स, तिथे फक्त डच.

आम्हाला डबलडेकर डबा मिळाला, वर जाऊन बसलो. नऊ वाजून गेले तरी बाहेर राखाडीच होतं, शेतांवर धुकं, गाई नाहीत, माणसं नाहीत, फक्त उघडी झाडं. आईने राजगिऱ्याचे दोन लाडू आणि भाजलेले शेंगदाणे खाल्ले, थर्मासमधला चहा आम्ही दोघींनी घेतला.

ब्रुज स्टेशनवरून चौकाकडे जायला बस आहे, पण गुडघा साथ देत असेल तर बस घेऊ नका. स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडून बागेतून चालत गेलं की दहा मिनिटांत मिन्नेवॉटर नावाचं तळं लागतं आणि तिथून गाव हळूहळू सुरू होतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथे आम्ही दोघी, एक कुत्रा फिरवणारे आजोबा आणि हंस, एवढेच होतो. हंसांबद्दल एक गोष्ट सांगतात. १४८८ मध्ये गावकऱ्यांनी बंड करून आपल्या राजपुत्राला, मॅक्सिमिलियनला, चौकातल्या एका घरात कोंडून ठेवलं आणि त्याच्या एका अधिकाऱ्याला मारलं, त्या अधिकाऱ्याच्या आडनावाचा अर्थ लांब मान, म्हणून सुटल्यावर मॅक्सिमिलियनने शिक्षा दिली की या गावाने कायम लांब मानेचे पक्षी पाळायचे. बंड आणि कैद हा इतिहास आहे, हंसांची गोष्ट दंतकथा, पण हंस आहेत आणि भरपूर आहेत.

तळ्याला लागूनच बेगीनहोफ आहे आणि दिवसभरात आई सगळ्यात जास्त वेळ इथे थांबली. पूल ओलांडून दरवाजातून आत गेलं की मधे गवत आणि उंच झाडं, भोवती पांढरी बैठी घरं, आणि एकदम शांत, आत मोठ्याने बोलायचं नाही अशी पाटीच आहे. तिकीट नाही. फ्लँडर्सची काउंटेस मार्गारेट हिने १२४५ मध्ये ही वस्ती उभी केली, बेगीन म्हणजे नन नव्हेत, या बायका देवाधर्माचं करत एकत्र राहायच्या पण कायमची शपथ घेत नसत, स्वतःचे पैसे स्वतःकडे ठेवू शकत, लोकर धुणं, विणकाम असं काम करून पोट भरत आणि वाटलं तर सोडून जाऊन लग्नही करू शकत. आता तिथे बेनेडिक्टिन नन राहतात, १९२७ पासून, आणि फ्लँडर्समधली अशी बेगीनहोफं १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मी हे फोनवर वाचून दाखवलं तर आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे लग्न नको आणि संन्यासही नको अशा बाईला राहायला जागा होती, आठशे वर्षांपूर्वी. आमच्या आजीची बहीण, माई, तिचं लग्न झालं नव्हतं आणि ती जन्मभर भावाच्या घरी माजघरात राहिली. आई तिचं नाव घेऊन अजून काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. बस टूरमधले लोकही इथून जातात, पण जातात फक्त, बसायला त्यांना वेळच नसतो.

बेगीनहोफच्या बाहेर घोड्याच्या तोंडाचा कारंजा आहे, घोडागाड्यांचे घोडे तिथे पाणी प्यायला थांबतात. आपल्या व्हिक्टोरिया आठवतात, २०१५ मध्ये हायकोर्टाने त्या बंद करायला सांगितल्या, आणि घोड्यांचे हाल बघितलेत त्यामुळे ते बरंच झालं असं मला वाटतं. इथले घोडे धष्टपुष्ट दिसत होते, अंगावर झूल होती, तरी आम्ही गाडी केली नाही, आईला नको होती.

तिथून अवर लेडीचं चर्च. विटांचा मनोरा ११५ मीटरच्या वर, मान पूर्ण मागे टाकावी लागते. आत मायकेलअँजेलोची मरियम आणि बाळ आहे, पांढरा संगमरवर, चर्चच्या त्या भागाला तिकीट आहे आणि ते काढाच. १५०४ च्या आसपासचं काम, मूस्क्रोन नावाच्या इथल्या कापडाच्या व्यापारी घराण्याने विकत घेतलं आणि मायकेलअँजेलोच्या हयातीतच ते इटलीबाहेर इथे आलं. दोनदा चोरीला गेलंय, आधी १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने नेलं, नेपोलियन हरल्यावर परत आलं, मग १९४४ मध्ये जर्मनांनी नेलं आणि युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियात आल्टआउसे इथल्या मिठाच्या खाणीत सापडलं. एवढं सगळं माहीत असून मी बघत होते ती मूर्ती केवढी आहे, दगड कसला आहे, आणि आई म्हणाली, बाळ बघ, मांडीवर नाहीये, उतरायच्या बेतात आहे. आणि ती त्याच्याकडे बघत नाहीये. मग मला दुसरं काही दिसेचना. थोडं लांबूनच बघायला मिळतं, चष्मा असेल तर लावून जा.

आता खाणं, आणि हा भाग नीट वाचा कारण हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

चर्चमधून बाहेर आलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि थंडीत भूक जास्त लागते. चौकात फ्राइजच्या गाड्या असतात, वास इतका सुंदर की आई स्वतःहून म्हणाली, बटाटाच आहे ना, उपासाला चालेल, मीठच असणार फक्त. मी रांगेत उभी राहिले आणि सहज विचारलं की कशात तळता. बीफ फॅट. बेल्जियममध्ये फ्राइज दोनदा तळतात आणि पारंपरिक पद्धतीत ते गाईबैलाच्या चरबीतच, डचमध्ये त्याला ओसेविट म्हणतात, आणि ही गोष्ट तिथे लपवत वगैरे कोणी नाही, उलट अभिमानाने सांगतात, फक्त आपण विचारत नाही. मी रांगेतून बाहेर आले आणि आईला सांगितलं, ती काही बोलली नाही, माझा हात धरून थोडी लांब जाऊन उभी राहिली. किती ग्रुप टूरमधले शाकाहारी आजी-आजोबा बटाटा म्हणून हे खाऊन आले असतील असा विचार येऊन मला खरंच राग आला, कारण ज्यांच्या भरवशावर ते जातात त्यांनी हे सांगायला नको का. मागच्या गल्लीत दुसऱ्या एका दुकानात विचारलं, त्यांनी व्हेजिटेबल ऑइलचा डबा काढून दाखवला, त्याच तेलात दुसरं काही तळता का तेही विचारलं, तर फ्राइजचा तळण वेगळा होता. तिथे आईने खाल्ले, नुसतं मीठ घालून, गरम गरम, आणि तिला मनापासून आवडले. तर इंग्रजीत सरळ विचारा, बीफ फॅट की व्हेजिटेबल ऑइल, सगळे नीट उत्तर देतात. मेयोनीजमध्ये अंडं असतं. वॉफलमध्येही अंडं असतं, त्यामुळे आईने नाही खाल्लं, मी खाल्लं, आणि चौकोनी हलकं मिळतं ते ब्रसेल्सचं आणि जाड, दाताखाली साखरेचे खडे येतात ते लिएजचं, त्यातलं लिएजचं घ्या, वर क्रीम वगैरे काही घालायला लावू नका. सूप व्हेज लिहिलेलं असलं तरी स्टॉक कसला ते विचारा.

चॉकलेटबद्दल एवढंच, भरलेली चॉकलेटं, ज्यांना तिथे प्रालीन म्हणतात, ती १९१२ मध्ये ब्रसेल्सला नॉयहाउस यांच्या दुकानात पहिल्यांदा झाली. काहींच्या आत दारू असते, घेताना विचारा, दुकानदार वेगळी काढून देतात. चौकातल्या झगमगीत दुकानांपेक्षा आतल्या गल्लीत जिथे मागे बनवताना दिसतात तिथून घ्या.

जेवणानंतर आम्ही काही ठरवलं नव्हतं, नुसतं चाललो होतो, आणि एका चौकात नाताळच्या बाजाराचे लाकडी स्टॉल आणि मधे एक पुतळा. आईने पाटी वाचली आणि उभीच राहिली. सायमन स्टेविन. मला हे नाव माहीतही नव्हतं. आई म्हणाली, अगं, दशांश अपूर्णांकवाला. १५४८ साली याच गावात जन्मला, आणि १५८५ मध्ये त्याने 'दे थिएंदे' म्हणजे दशांश या नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलं, तेही लॅटिनमध्ये न लिहिता डचमध्ये लिहिलं, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, व्यापारी यांच्यासाठी, की बाबांनो अपूर्णांकांचे छेद-अंश करत बसू नका, सगळं दहाच्या भागात मांडा. दशांश चिन्ह तेव्हा नव्हतं, तो प्रत्येक अंकापुढे गोलात आकडा लिहायचा. आईने माझ्या बॅगेतलं ट्रेनच्या तिकिटाचं पाकीट मागून घेतलं, हातमोजा काढला आणि त्याच्यावर लिहून दाखवलं, २.३७ म्हणजे २ आणि गोलात शून्य, ३ आणि गोलात एक, ७ आणि गोलात दोन. त्या थंडीत. स्टॉलवरचा मुलगा बघत होता. आणि त्या पुस्तकातच त्याने म्हटलंय की नाणी आणि वजनमापंसुद्धा दहाच्या पटीत करावीत. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले ते १९५७ ला, आई त्याच वर्षीची. ती म्हणाली, मी छत्तीस वर्षं पाचवी-सहावीला हे शिकवलं, मुलं चिन्हाची जागा चुकवायची, आणि हा माणूस इथे उभा आहे ते आज कळलं. डचमध्ये गणिताला विसकुंदे म्हणतात, तो शब्दही त्याच्याच शब्दावरून आलाय, म्हणजे आपल्या गणित शब्दासारखा स्वतःच्या भाषेतला शब्द. माझ्याकडे त्या दिवसाचे दोनशे फोटो आहेत, त्यातला आईचा पुतळ्याखालचा एकच प्रिंट काढलाय.

घंटाघर, म्हणजे बेलफोर्ट, चौकातच आहे. ८३ मीटर, आपला राजाबाई टॉवर ८५, म्हणजे जवळजवळ तेवढंच, फक्त हे तेराव्या शतकात सुरू झालेलं, आणि राजाबाईवर आपल्याला चढू देत नाहीत, इथे देतात. ३६६ पायऱ्या. वर जाता जाता जिना इतका अरुंद होतो की समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, दोर धरून चढायचं, गुडघे किंवा दमा असेल तर अजिबात नको. तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं. आई खाली एका कॅफेत खिडकीपाशी बसली आणि मी एकटीच गेले. वर पोचायच्या आधी एक भलामोठा धातूचा ड्रम दिसतो, त्याच्यावर खुंट्या, तो फिरला की खुंट्या तारा ओढतात आणि घंटा वाजतात, एकूण ४७ घंटा, दर पाव तासाला सूर. मी तिथेच असताना वाजल्या, छातीत घुमतं. वरून लाल कौलं आणि कालवे दिसतात, धुकं नसेल तर लांबपर्यंत, आम्हाला दीड-दोन किलोमीटरच्या पुढे काही दिसलं नाही. खाली आले तर आई सांगत होती की तिने घड्याळ लावून बघितलं, दर पाव तासाला बरोबर वाजतात.

त्याच कॅफेबद्दल तक्रार आहे. चौकातलं, नाव लिहीत नाही. आईने दोन कॉफ्या घेतल्या आणि साधं पाणी मागितलं तर बाटलीचं आणून ठेवलं आणि बिलात त्याचे पैसे कॉफीएवढे. नंतर दादाने सांगितलं की बेल्जियममध्ये नळाचं पाणी फुकट देतीलच असं नाही. बाटली भरून न्या. टॉयलेटलाही बहुतेक ठिकाणी पैसे, सुटी नाणी खिशात ठेवा, आणि कॅफेत बसलात तर निघताना तिथलंच वापरून घ्या. थंडीत वारंवार जावं लागतं, वयस्कर माणूस बरोबर असेल तर दिवसाचा प्लॅन यावरच ठरतो.

कालव्यातल्या बोटी साधारण मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नियमित चालतात, आम्हाला बंद मिळाल्या. बोटीसाठीच जायचं असेल तर डिसेंबर तुमच्यासाठी नाही. मला मात्र बोटी नसल्यामुळे पाणी इतकं स्थिर मिळालं की त्याचं दुःख झालं नाही.

चौकापासून जवळच फ्लामिंगस्ट्राटवर 'तर बुर्से' नावाचं एक जुनं घर आहे. व्हान दर बुर्से कुटुंबाची इथे खानावळ होती, परदेशी व्यापारी तिथे उतरायचे आणि घराच्या समोरच पैशांचे, हुंड्यांचे व्यवहार करायचे, आणि त्या आडनावावरून शेअरबाजाराला बोर्स हा शब्द आला. माझा मामेभाऊ बीकेसीला भारत डायमंड बोर्समध्ये नोकरी करतो, त्याला त्या घराचा फोटो पाठवला, त्याला आठ वर्षांत हा शब्द कुठला ते कोणी सांगितलं नव्हतं.

एवढा व्यापार असलेलं शहर मग असं जुन्या चित्रासारखं कसं राहिलं, हे मला सकाळपासून कळत नव्हतं. तर समुद्रापर्यंत जायला झ्विन नावाची खाडी होती, ती गाळाने भरत गेली, १५०० च्या आसपास मोठी जहाजं येईनाशी झाली आणि व्यापार अँटवर्पला गेला. पैसा गेला म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे काही उरलं नाही, आणि नेमकं तेच टिकलं. आईला लगेच सोपारा आठवलं, नालासोपाऱ्याची खाडीही अशीच भरली आणि एवढं जुनं बंदर गेलं. फरक असा की तिथे आता बंदर होतं हे स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाला दिसत नाही, आणि मी दहा वर्षं वेस्टर्नने विरारपर्यंत गेलीये, एकदाही खाली उतरून तो स्तूप बघितला नाही. या महिन्यात आईला घेऊन जायचं ठरवलंय.

लेसबद्दल, बाजारात जी स्वस्त लेस टांगलेली असते ती बरीचशी मशीनची असते. आईला क्रोशा येतो, तिने दोन बोटांनी धरूनच सांगितलं. हाताची बघायची तर कांटसेंट्रुमला, म्हणजे तिथल्या लेस केंद्रात, दुपारी बायका लाकडी बॉबिन घेऊन विणताना दिसतात, आम्हाला वेळ पुरला नाही, तुम्ही ठेवा.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. साडेतीनपासून चौकातली गर्दी एकदम ओसरायला लागली. झेंडीवाले गाइड आपापले ग्रुप गोळा करून दक्षिणेकडे निघाले, बसची वेळ झालेली. आम्ही उलट्या दिशेने रोझेनहुडकाइला गेलो, तो कालव्याचा कोपरा ज्याचे फोटो सगळीकडे असतात, दुपारी तिथे कठड्याला जागा नव्हती, आणि साडेचारला आम्ही आणि चार-पाच माणसं. उजेड हळूहळू निळा होत गेला, मग घरांच्या खिडक्यांमधे एकेक दिवा, मग घंटाघरावर प्रकाश, आणि ते सगळं खाली पाण्यात तसंच्या तसं, कारण बोट नाही, वारा पडलेला. आईने कठड्यावर हात ठेवले होते. पाव तासाच्या घंटा झाल्या. कोणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मावशी याच वेळी बसमध्ये बसून मोजणी करत होती की सगळे आले का, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच अर्ध्या तासासाठी दिवसभराचा खटाटोप वसूल आहे, आणि थंडीत जायचा फायदाच हा की हे बघायला रात्री दहापर्यंत थांबावं लागत नाही, पाचला सगळं होतं आणि म्हाताऱ्या माणसालाही झेपतं. उन्हाळ्यात तिकडे दहा वाजेपर्यंत उजेड असतो.

नंतर एका छोट्या दुकानात हॉट चॉकलेट घेतलं, गरम दुधाचा ग्लास आणि काडीला लावलेला चॉकलेटचा ठोकळा, आपणच ढवळायचा. दूध उपासाला चालतं म्हणून आईनेही घेतलं. परत जाताना अंधारातून चालायचं असल्यामुळे स्टेशनपर्यंत मात्र बस घेतली, दिवसभर चालून गुडघा सुजला होता, तुम्हीही तसंच करा, जाताना चालत आणि येताना बस.

सव्वासहाच्या सुमाराची ट्रेन मिळाली. ऑफिसवाल्यांची गर्दी होती, एका मुलाने उठून आईला जागा दिली. ती डोळे मिटून बसली होती, मला वाटलं झोपली. गेंट गेलं, बराच वेळ गेला, मग अनाउन्समेंट झाली आणि तिने डोळे न उघडताच सांगितलं, दोन भाषा झाल्या, उतरायची तयारी कर. घरी पोचलो तेव्हा आठला दहा मिनिटं कमी होती, वहिनीने वरणभात लावून ठेवला होता आणि खीर आईची वाट बघत ओट्यावर होती, साखर घालायची बाकी.